सटवा मिस्त्रीचे दोन पाने

बसा, सांगते. फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्या हिवरदऱ्याला अजून डांबरी रस्ता नव्हता तेव्हाची. गावात एकच तांबडा ट्रॅक्टर होता, तोही आला तेव्हाच म्हातारा झालेला. त्याला सांभाळणारा माणूसही एकच, सटवा मिस्त्री. असं म्हणतात, तीन शेतं पलीकडून नुसता आवाज ऐकून तो फॅन बेल्ट सैल झालाय ते सांगे. नवा पट्टा चढवला की तो अंगठ्याने दाबून बघे, आणि त्याने दाबलेला पट्टा तीन पावसाळे तुटत नसे.

माणूस सोन्यासारखा, पण रीतीच्या बाबतीत हट्टी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी त्याचे बोल्ट फिरवायचे लोखंडी पाने हळदकुंकू लावून, झेंडू वाहून पाटावर मांडलेले असत. दुसऱ्या दिवशी पूजा उचलेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही.

अशाच एका खंडेनवमीला शेजारच्या रुक्माआत्याची लेक पारू अडली. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दवाखाना सात कोसांवर. तिला ट्रॉलीत गोधडीवर निजवलं, ट्रॅक्टर निघाला आणि वेशीपाशीच पट्टा तुटला. पट्टा नाही तर पंखा फिरत नाही, आणि पंखा नाही तर इंजिनातलं पाणी उकळतं. नवा पट्टा सटवाच्या खुंटीला होता, पण तो चढवायचा तर बोल्ट ढिला करायला पाना लागतो.

रुक्माआत्या म्हणाली, "सटवा, पाना उचल बाबा."

"पूजेत हायेत, आत्या. उचलले तर पोरीलाच बाधंल."

त्याच्या मनात पारूचं भलंच होतं, म्हणून तर जीव तुटतो. त्याने धोतर फाडलं, पीळ दिला आणि पट्ट्याच्या जागी बांधलं. असं म्हणतात, त्या धोतरावर ट्रॅक्टर दोन कोस गेला. मग ते जळालं. ओढ्याचं पाणी घातलं, दुसरा पीळ बांधला, तोही जळाला. तेव्हा कुठे सटवा गावाकडे धावत सुटला. घोड्यालाही जमणार नाही असा धावला म्हणतात. फुलांसकट पाने आणि खुंटीवरचा नवा पट्टा घेऊन आला. पट्टा चढवायला त्याला विडा लावण्याएवढाच वेळ लागला. पण तोवर ट्रॉलीत पोर जन्मलं होतं आणि पारू गेली होती.

खरं सांगू? गावातल्या एकाने तरी त्याला हाताला धरून पाटापाशी न्यायचं होतं. कुणी नेलं नाही. त्याचं म्हणणं सगळ्यांनाच पटलं होतं.

पुढच्या खंडेनवमीला सटवाने पूजा मांडलीच नाही, भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. तेव्हा रुक्माआत्या आली. तिने स्वतः पाट मांडला, हत्यारं पुजली आणि दोन पाने बाजूला काढून उंबऱ्यावर ठेवले.

"हे दोन भाईर राहू दे, सटवा. माझ्या पारूला उशीर झाला, दुसऱ्या कुणाच्या लेकीला व्हाया नको."

त्यानंतर सात कोसांत कुठेही पट्टा तुटला की निरोप पोचायच्या आधी सटवा तिथे हजर असे, असं म्हणतात. पण कुणी शाबासकी दिली की तो मान खाली घाली.

आता गावात ट्रॅक्टरच ट्रॅक्टर आहेत. खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात, आणि प्रत्येक उंबऱ्यावर दोन पाने तसेच कोरडे असतात, ना कुंकू ना फूल. पाहुण्याने विचारलं तर म्हाताऱ्या सांगतात, "ते सटवाचे. त्यास्नी आज सुट्टी नाही."