पेटीतला पाना

"म्हंजे आज तरी पाना मिळणार का, उस्ताद?"

सर्जेरावाने हे विचारलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि मान ताठ होती.

हुसेन उस्ताद बाजेवर बसून चहा पीत होते. त्यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला आणि बशी पालथी घातली.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला उस्तादांचं गॅरेज होतं आणि तिथे एक रीत होती. शिकणाऱ्याने सगळ्यांच्या सामायिक पेटीतली हत्यारं वापरायची. उस्तादांचे स्वतःचे पाने खाकी कापडात गुंडाळलेले असत, त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. उस्ताद ज्याच्या हातावर त्यातला एक पाना ठेवतील, तो त्या दिवसापासून मिस्त्री. मग त्याच्या भरवशावर गाडी सोडून ड्रायव्हर निर्धास्त झोपत.

सर्जेरावाच्या मागून आलेल्यांनी पाने नेले, आपापली गॅरेजं थाटली. सर्जेरावाच्या मिशीत पांढरा केस डोकावू लागला तरी त्याचा हात पेटीतच होता. माणूस कामाला वाघ होता, पण स्वतःच्या कामाचे पोवाडे स्वतःच गायचा. पाना मिळत नाही हे मात्र त्याला आतून पोखरत होतं.

आणि आज तर त्याने गाजवलं होतं.

जांभ्या दगडाचे चिरे भरलेला एक जुना ट्रक सकाळी आला. पूर्वीच्या मालकाने हौसेने केबिनला एसी बसवला होता. त्यातला गॅस कधीच उडून गेला होता आणि कॉम्प्रेसर जाम होऊन पट्टे जाळत होता. ड्रायव्हर वैतागून म्हणाला की मला थंड हवा नको, गाडी थंड ठेवा म्हणजे झालं. ही ब्याद मुळासकट काढा.

सर्जेरावाने ती काढली. कॉम्प्रेसर काढला आणि तो वगळून चालेल असा आखूड पट्टा चढवला. नळ्या काढल्या. रेडिएटरच्या पुढ्यात उभी असलेली एसीची जाळी काढली. हात चालू होता म्हणून रेडिएटरच्या कडेच्या रबरी पट्ट्याही उपटल्या आणि पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेराही खोलला. वारा यायचा तर मोकळा येऊ दे, असा त्याचा हिशेब होता.

बॉनेटखाली एवढी जागा झाली की मांजरीने आत संसार मांडावा. ड्रायव्हर खूष होऊन दुसऱ्या बाजेवर आडवा झाला.

उस्तादांनी वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लई मोकळं केलंस," ते म्हणाले.

सर्जेरावाला ती शाबासकी वाटली.

"चल, घाट चढवू. काढलेलं समदं संगं घे."

"ते भंगार कशाला, उस्ताद?"

उस्ताद खाकी गुंडाळी काखेत मारून केबिनमध्ये जाऊन बसले होते. गुंडाळी बघून सर्जेरावाला वाटलं, आज पाना मिळणारच. त्याने भंगाराचं पोतं मागे टाकलं आणि स्टिअरिंग धरलं. पेटी खालीच राहिली, पण आज पेटी कुणाला हवी होती?

घाटाची पहिली वळणं त्याने शीळ घालत घेतली. मग चढ लागला, चिऱ्यांचं वजन बोलू लागलं आणि तापमानाचा काटा हलला. सर्जेरावाने त्याच्याकडे बघायचं टाळलं. काटा काही त्याच्या बघण्यावर अवलंबून नव्हता. अर्ध्या घाटात नाकाशी गरम वास आला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली.

त्याने गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि तिरमिरीत रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग दोघे कठड्यावर बसले... खाली दरीत एक घार त्यांच्याही खाली फिरत होती.

सर्जेराव गप्प बसणाऱ्यातला नव्हताच. रेडिएटर आतून चोंदला असणार, म्हणाला. पाण्याचा पंप गेला असणार. ड्रायव्हरने वजन जास्त भरलं असणार. शेवटी सगळी कारणं संपली.

"उस्ताद, वाऱ्याच्या वाटंतलं समदं तर मी काढलं. मग ही तापली कशानं?"

उस्तादांनी उठून बॉनेटला हात लावून पाहिला.

इंजिन निवाल्यावर त्यांनी आधी पाणी भरून घेतलं आणि मग गाडी चालू करायला लावली. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी पुढून रेडिएटरला लावला आणि हात सोडला.

पंचा घसरून खाली पडला.

उस्तादांनी तो उचलून झटकला. गाडी बंद करायला लावली. पोत्यात हात घालून त्यांनी पत्र्याचा घेरा आणि रबरी पट्ट्या बाहेर काढल्या. एसीची जाळी, नळ्या, कॉम्प्रेसर पोत्यातच राहू दिले. मग काखेतली गुंडाळी उलगडली, एक पाना काढला आणि पुढे केला.

सर्जेरावाने तो घेतला. कुठला पाना घेतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, इतका तो खजील झाला होता. पंख्याभोवती त्याने घेरा बसवला, एकेक बोल्ट आवळला. रेडिएटरच्या कडेच्या फटी रबराने बुजवल्या. बॉनेटखालची सगळी ऐसपैस जागा पुन्हा अडली. आयुष्यात पहिल्यांदाच तो काम करताना एक अक्षर बोलला नाही.

गाडी पुन्हा चालू झाली. उस्तादांनी पंचा रेडिएटरला लावला आणि हात सोडला.

पंचा पडला नाही.

तो रेडिएटरच्या जाळीला चिकटून बसला. त्याची दशी न दशी आत ओढली गेली. सर्जेरावाने हळूच हात पुढे केला आणि तळव्याला ती ओढ लागली. पंखा तोच, इंजिन तेच. पाटाची कड फुटली की पाणी पिकापर्यंत पोचत नाही, हे त्याला शेतकऱ्याच्या पोटी जन्मून ठाऊक होतं. मघाशी त्याने चारी बाजूंच्या कडा आपल्याच हाताने फोडल्या होत्या. पंखा आजूबाजूची तापलेली हवाच पुन्हापुन्हा घुसळत बसला आणि रेडिएटरमधून यायची गरजच वाऱ्याला उरली नव्हती. आता त्याला दुसरी वाटच नव्हती.

एवढी वर्षं सर्जेराव इंजिनात डोकं घालून होता आणि वारा कसा चालतो हे आज पहिल्यांदा बघत होता. त्याला हात मागे घ्यावासा वाटेना. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

"उस्ताद..." तो म्हणाला.

उस्तादांनी पंचा सोडवून खांद्यावर टाकला.

उरलेला घाट गाडी एका दमात चढली. काटा जागचा हलला नाही. माथ्यावर भन्नाट वारा होता. सर्जेराव खाली उतरला आणि रेडिएटरपुढे देवापुढे राहावं तसा उभा राहिला. पान्याची गोष्ट त्याने काढली नाही, काढावीशी वाटलीच नाही.

मग खिशात काहीतरी जड लागलं म्हणून त्याने तो चाचपला. पाना त्याच्याकडेच राहिला होता. त्याने सदऱ्याच्या टोकाला तो नीट पुसला आणि दोन्ही हातांनी उस्तादांपुढे धरला.

"तुमचा पाना, उस्ताद. चुकून ऱ्हायला माझ्याकडं."

उस्तादांनी खाकी गुंडाळीची गाठ मारून टाकली होती.

"खोललंस ते पेटीतल्या पान्यानं," ते म्हणाले. "बांधलंस ते ह्यानं. मग ह्यो माझा कसा?"