सटवाजीच्या हत्यारांचे दांडे

पौषातला तो दिवस. आभाळ टेकडीवर टेकलं होतं आणि सकाळपासून लिंबाएवढ्या गारा पडत होत्या. त्याआधी दोन दिवस पाऊस होता. रानात, घरात, अंथरुणात, कुठं म्हणून सुकं राहिलं नव्हतं, असं म्हणतात.

आपलं मोरदरा तेव्हा गाव नव्हतं, सात खोपटी होती. जुन्या गावची विहीर आटली म्हणून माणसं डोंगर उतरून इथं आली, आणि त्यांच्याबरोबर सटवाजी सुतार आला. एकाही खोपटाला दार नव्हतं, आणि रानात वाघ होता. सटवाजीनं सगळ्यांना सांगितलं होतं, होळीच्या आत दारं बसवतो.

त्याच्याकडे चार हत्यारं होती. लाकूड तासायचा वाकस, बारीक कामाचं किकरं, भोक पाडायची पटाशी आणि करवत. त्यांचे दांडे त्याच्या आज्याच्या हातचे. तीन पिढ्यांचं तेल आणि घाम पिऊन ते काळेशार झाले होते.

त्या गारांच्या दिवशी शेजारच्या केरू गवळ्याची बायको बाळंत झाली. पोर निळं पडलं होतं, रडत नव्हतं. सुईण राहीआजीनं मडक्यात निखारा जपला होता, पण घालायला लाकूड नव्हतं. सरपण भिजलेलं, गोवऱ्यांचा चिखल झालेला.

"अरे, एक सुकी काडी द्या कुणीतरी! पोर गार पडलंय!"

सटवाजी आला. वाकसाचा दांडा त्यानं ठोकून सोडवला आणि तिच्यापुढं ठेवला.

"मेल्या, हा तुझ्या आज्याचा! उद्या काय करशील?"

"ते मी बघतो. तू फुंक."

पाऊस आणखी तीन दिवस हटला नाही. दिवसाला एक दांडा जळला. हातभर लाकूड ते, पण सकाळी लावलं की दुसऱ्या सकाळपर्यंत पुरलं, असं म्हणतात. त्या विस्तवाभोवती सातही घरची माणसं बसली आणि तरी जागा उरली. दुसरा दांडा लागला तेव्हा पोर रडलं. असं रडलं, की म्हणे डोंगरापलीकडं ऐकू गेलं.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. सटवाजी लोखंड मांडीवर घेऊन बसला. दांडा करायचा तर वाकस हवा, आणि वाकसाला दांडा नाही. नुसतं पातं मुठीत धरून त्यानं लाकडावर मारलं, तर तळवा कापला. मग त्यानं लोखंड फडक्यात बांधलं.

"सुतार म्हणून आलो आणि दार देता येईना," तो राहीआजीला म्हणाला. "उद्या परत जातो."

हे केरूनं ऐकलं. जन्मात चरवीशिवाय काही हातात न धरलेला माणूस तो. पण विळा घेऊन धावड्याच्या फांदीला भिडला. दिवसभर छिलत होता.

"केरू, दांडा करतोस का दातवण?" लोक हसले.

"तुमचेच दात पाडायला करतोय," केरू म्हणाला, आणि छिलत राहिला.

सकाळी सटवाजी गाठोडं घेऊन निघाला, तेव्हा केरूनं त्याला ओढ्याशी गाठलं आणि दांडा त्याच्या हातात दिला. सटवाजीनं तो उलटसुलट करून पाहिला. मग गाठोडं खाली ठेवलं.

त्या वाकसानं त्यानं बाकीचे तीन दांडे केले, आणि होळीच्या आत सातही दारं बसली. त्या दांड्यानं तासलेली एकही फळी पुढं कधी तडकली नाही, असं म्हणतात.

सटवाजी म्हातारा होऊन गेला. दांडे त्याच्याबरोबर सरणावर दिले, लोखंड गावानं ठेवून घेतलं. आज ते शाळेशेजारच्या संग्रहालयात काचेमागं आहे. बाहेरगावचे लोक विचारतात, नुसतं लोखंड का मांडलंय?

शेजारच्या भिंतीकडं पाहिलं की कळतं. मोरदऱ्यात ज्याच्या घरी मूल होतं, तो बाप विळ्यानं एक दांडा करून तिथं आणून ठेवतो. मग तो मास्तर असो, नाहीतर ट्रॅक्टरवाला. शेकड्यांनी दांडे आहेत, सरळ एक नाही. आणि ठेवताना प्रत्येक जण काचेसमोर उभा राहून तेच म्हणतो, जे ओढ्याशी केरू सटवाजीला म्हणाला होता:

"दादा, वाकडा झालाय. हातात बसतो का बघ."