भिंतीबाहेरचा दोर

हा दोर दिसतोय ना, त्याचे फोटो आधी काढून घ्या, म्हणजे मग गोष्टीकडे लक्ष राहील. ही मोन्तेरारो मठाची बाहेरची भिंत, वर तो चौकोनी मनोरा आणि मनोऱ्याच्या पोटात घंटा. कुठल्याही चर्चच्या घंटेचा दोर आतच असतो, कुलपाच्या आड. इथे मात्र भिंतीला वर भोक पाडलं आहे आणि दोर त्यातून बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला छातीइतक्या उंचीवर लोंबतो आहे. टोकाची गाठ बघा, हात लागून लागून काळी पडली आहे. आतल्या मठवासीयांना आपलीच घंटा वाजवायची तर फाटक उघडून रस्त्यावर यावं लागतं, पावसात छत्री घेऊन.

मी इनास रुमाव, मूळचा वसईचा. जहाजावर भटारखान्यात होतो, बंदरात उतरलो, खालच्या गावातल्या मुलीशी लग्न केलं आणि इथलाच झालो. आता मराठी मंडळी आली की मठाचे लोक मला बोलावतात. ही गोष्ट मला माझ्या सासूबाईंनी, असुन्ताबाईंनी, सांगितली. त्यांना त्यांच्या आजीने. त्यापलीकडचं कोणी सांगत नाही, आणि कुठे लिहिलेलीही नाही. तेव्हा साल विचारू नका. ऐकायची असेल तर त्या कठड्यावर बसा, पुढे जेवण आहेच.

हा डोंगर आज ऊन खात पडला आहे म्हणून फसू नका. वसंतात इथे धुकं उतरतं ते असं, की स्वतःचा हात दिसत नाही. पश्चिमेकडे कोरडी दरी आहे. धुक्यात वाट चुकलेला धनगर मेंढरांसकट तिच्यात गेला, असं पूर्वी दर दोन-चार वर्षांनी व्हायचं. म्हणून मठ बांधणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी नवस केला, असं सांगतात: धुकं उतरलं की मठाची घंटा सुरू होईल, ती धुकं उठेपर्यंत थांबणार नाही. मग रात्र असो, जेवणाची वेळ असो, प्रार्थना असो. डोंगरावरची माणसं त्या घंटेवर इतकी विसंबून असायची, की धुकं आलं तर ती घाबरायची नाहीत. मेंढरं गोळा करायची, घंटेकडे तोंड करायचं आणि चालू लागायचं.

आता दुसरी गोष्ट. गुड फ्रायडेला चर्चची घंटा वाजत नाही. गुरुवारी संध्याकाळी तिला मुकी करतात, ती शनिवारी रात्री ईस्टरच्या प्रार्थनेत पुन्हा बोलते. प्रभू क्रुसावर गेला आहे, अशा वेळी घंटा वाजवायची नाही, असा नियम. आमच्या वसईतही तसंच. घंटेऐवजी लाकडी फळ्या एकमेकींवर आपटून लोकांना बोलावतात. लहानपणी त्या फळ्या आपल्या हातात याव्यात म्हणून आम्ही भांडायचो.

तर एका वर्षी, म्हणे, धुकं नेमकं गुड फ्रायडेच्या दुपारी उतरलं.

त्या वेळी मठाधिपती होते फादर आन्सेल्मो. कडक माणूस, पण दुष्ट नव्हे. सासूबाई हे नेहमी बजावून सांगायच्या, म्हणून मीही सांगतो. घंटा वाजवण्याचं काम ब्रदर तादेओ नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. धुकं पाहताच तो फादरकडे गेला आणि हात जोडून उभा राहिला. एकीकडे मठाचा नवस, दुसरीकडे सगळ्या ख्रिस्ती जगाचा नियम. शेवटी फादर म्हणाले, "फळ्या वाजव." तादेओने मनोऱ्यावर चढून फळ्या वाजवल्या. लाकडाचा आवाज तो केवढा! खालच्या द्राक्षमळ्यापर्यंतही पोचला नसेल.

इतक्यात फाटकावर एक बाई आली. तिचं नाव ओर्सोला. तिचा नवरा नेरी मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर गेला होता आणि सणाला घरी यायचा होता. ती त्याच्यासाठी पाव भाजत होती, तो तसाच भट्टीत टाकून धावत आली होती. फादर स्वतः फाटकाच्या खिडकीशी आले.

"फादर, घंटा वाजवा. तो वर आहे."

"आज नाही वाजवता येणार, पोरी. आज कोणता दिवस आहे तुला माहीत आहे. आम्ही सगळे मिळून प्रार्थना करतो."

"प्रार्थना त्याला ऐकू येत नाही. घंटा येते."

फादरनी खिडकी लावून घेतली. आत जाऊन त्यांनी सर्वांना बोलावलं आणि आज्ञा दिली, की शनिवारच्या प्रार्थनेपर्यंत मठातला कोणीही घंटा वाजवणार नाही. मठात आज्ञा म्हणजे आज्ञा. मठवासी होताना जी शपथ घेतात तिच्यात आज्ञा पाळण्याचीच शपथ मोठी असते, आणि तादेओने ती उभ्या जन्मात एकदाही मोडली नव्हती. पुढे तो प्रार्थनेला गेला नाही, मनोऱ्यातच बसून राहिला.

ओर्सोला घरी गेली नाही. ती या भिंतीखाली, तुम्ही बसला आहात साधारण तिथेच, उभी राहिली आणि धुक्यात तोंड करून नवऱ्याच्या नावाने हाका मारू लागली. नेरी, नेरी. तादेओ वरून ऐकत होता. हाका मारता मारता तिचा घसा बसला. मग नुसता घोगरा आवाज येऊ लागला, पण हाका काही थांबल्या नाहीत. ते काही तादेओला ऐकवलं नाही. त्याने मनोऱ्याची खिडकी उघडली, घंटेच्या जिभेला गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि दोराचं टोक बाहेर सोडून दिलं. काहीजण सांगतात, हात लागू नये म्हणून त्याने दोर दातांत धरला. मला हे पटत नाही. त्या वयात दात कुठले! पण त्याने घंटा वाजवली नाही, एवढं खरं. दोर ओर्सोलाच्या पुढ्यात येऊन लोंबला, आणि ती काही मठातली नव्हती.

तिने दोर ओढला.

गुड फ्रायडेला घंटा! खालच्या गावात लोक घराबाहेर आले. एका म्हातारीला वाटलं प्रभू दोन दिवस आधीच उठला, आणि उपास संपला समजून तिने चीज कापायला घेतलं. या गोष्टीत हसण्याजोगं एवढंच आहे, ते ठेवतो.

फादर आन्सेल्मो संतापाने फाटक उघडून बाहेर आले. मागोमाग बाकीचे आले. ओर्सोलाने दोर सोडला नाही. बसलेल्या घशातून ती म्हणाली, "आज देव मेला आहे, फादर, मला ठाऊक आहे. पण नेरी अजून मेलेला नाही."

फादरनी तिचा हात धरला नाही की तिला हाकललं नाही. ते नुसते उभे राहिले, मदतीला मात्र पुढे झाले नाहीत. सासूबाई इथे थांबून म्हणायच्या, "पुष्कळ माणसं आयुष्यभर एवढ्यावरच थांबतात." मग पुढे सांगायच्या.

घंटा वाजत राहिली. संध्याकाळच्या सुमाराला धुक्यातून मेंढरांचा आवाज आला. ओर्सोलाने दोर ओढत ओढतच मान वळवली. पण आला तो झेनो नावाचा दुसरा धनगर, पलीकडच्या गावचा. भिजलेला, गारठलेला. मठवासीयांनी त्याला घोंगडी दिली. फादरनी विचारलं, "नेरी दिसला का?"

"दिसला म्हणजे काय, बरोबरच होतो आम्ही," झेनो म्हणाला. "धुकं उतरलं तसा मी घाबरलो. नेरी म्हणाला, घाबरतोस कशाला, आता घंटा होईल. तेव्हा थांबलो. खूप वेळ थांबलो. घंटा काही होईना. मग तो म्हणाला, मोन्तेरारोची घंटा धुक्यात वाजली नाही असं कधी झालं नाही. म्हणजे वाजतेच आहे, आपल्यालाच ऐकू येत नाही. आपण भलतीकडे लांब आलो आहोत. असं म्हणून त्याने मेंढरं उलटी वळवली आणि निघाला. माझा पाय मुरगळला होता, मी मागे राहिलो. थोड्याच वेळाने घंटा ऐकू आली. मी त्याला हाका मारल्या. पण तो पार खिंडीपलीकडे गेला असणार."

आज गुड फ्रायडे, आज घंटा मुकी, हे त्या दोघांच्या ध्यानातच नव्हतं. कुरणावर वार-तिथी कोण पाहतो! चंद्र बघून सण जवळ आला एवढंच त्यांना कळलं होतं.

आता नीट ध्यानात घ्या, मंडळी. नेरी वाट चुकला नव्हता. घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर, योग्य वाटेवर उभा होता. मठ आपला शब्द मोडेल असं त्याच्या मनातही आलं नाही, आणि म्हणूनच तो मठाकडे पाठ करून चालत गेला.

तेवढ्यात कोणीतरी ओर्सोलाच्या हातांकडे बोट दाखवलं. तळहात सोलून निघाले होते, दोर लाल झाला होता. झेनोने दोर मागितला, गावकऱ्यांनी मागितला, ती देईना. मग फादर पुढे झाले. त्यांनी तिच्या हातांच्या वर दोर धरला आणि तिच्याबरोबर ओढू लागले. काही वेळाने तिचे हात आपोआप सुटले. तिथून पुढे फादरनीच घंटा वाजवली, धुकं उठेपर्यंत. कोणालाही पाळी दिली नाही.

धुकं दुसऱ्या दिवशी सकाळी उठलं. लोक खिंडीपलीकडे गेले तेव्हा नेरीची सगळी मेंढरं एका कपारीत दाटीवाटीने उभी होती, एकही दगावलं नव्हतं. नेरी मात्र नव्हता. दरीत पाहिलं, ओढ्यात पाहिलं, पुढे उन्हाळाभर शोधलं. तो सापडला नाही, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही.

त्या शनिवारीच तादेओ फादरपुढे गुडघे टेकून बसला. "मी आज्ञा मोडली का?"

"मठातल्या कोणी वाजवू नये अशी आज्ञा होती. ती मी मोडली," फादर म्हणाले.

"मग मला शिक्षा?"

"तुला कसली शिक्षा!"

तादेओ दोर आत ओढून घ्यायला निघाला, तर ओर्सोला भिंतीपाशी हजर. "आत घेऊ नका," ती म्हणाली. "तो अजून ऐकत असेल." फादरनी तादेओला थांबवलं. खिडकीच्या कडेला दोर घासत होता, म्हणून गवंडी बोलावून हे भोक पाडून घेतलं. आणि नियम घातला: घंटा केव्हा वाजवायची हे यापुढे आतल्यांनी ठरवायचं नाही. ज्याचं माणूस बाहेर आहे, त्याने ठरवावं. घंटा वाजली की आतून कोणी कारण विचारायचं नाही. फाटक उघडायचं आणि जेवणाच्या टेबलावर एक ताट जास्त मांडायचं.

ओर्सोला मरेपर्यंत रोज संध्याकाळी येऊन घंटा वाजवून जात असे. तिच्यानंतर इतर येऊ लागले. कोणाचा मुलगा लढाईवर, कोणाचा बाप खाणीत.

आता रस्ता झाला, प्रत्येकाच्या खिशात फोन आला, धनगरही चारच उरले. आत मठवासी सहा, त्यातले दोन कानांनी अधू. तुम्ही म्हणाल, आता घंटा कोणासाठी? मीही सासूबाईंना तेच विचारलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ दीनो तरुणपणी घरात भांडून अर्जेंटिनाला गेला, त्याचं परत एक पत्र आलं नाही. सासूबाई दर शुक्रवारी बाजाराची पिशवी या कठड्यावर ठेवून एकदा दोर ओढायच्या. मी नवा जावई, जरा आगाऊ. म्हटलं, "आई, अर्जेंटिनात घंटा ऐकू जाते का?"

त्या चिडल्या नाहीत. पिशवी उचलत म्हणाल्या, "ऐकू येईल न येईल, ते त्याचं तो बघेल. पण माझ्याकडून घंटाच झाली नाही म्हणून तो उलट्या वाटेने गेला, असं व्हायला नको."

वसईत माझा थोरला भाऊ होता, शेताच्या बांधावरून आमचं बोलणं बंद होतं, आणि त्याने आधी फोन करावा म्हणून मी सोळा वर्षं थांबलो होतो. तोही थांबला असणार. त्या दिवशी मी हा दोर ओढला, आणि घरी जाऊन फोनही केला. भाऊ हॅलो म्हणाला आणि रडू लागला. एवढंच सांगतो.

आजही दोर बाहेरच आहे. दरवर्षी ईस्टरआधी गावकरी नवा अंबाडीचा दोर वळून लावतात. मध्ये एकदा कोणी हौसेने नायलॉनचा लावला होता, तो लोकांनी आठवड्यात काढायला लावला. आजही गुड फ्रायडेला आसपासच्या सगळ्या घंटा मुक्या असतात आणि मोन्तेरारोची एकटी वाजते. बिशप बदलतात, नवा आला की एकदा भुवया उंचावतो आणि मग गप्प बसतो. आजही आत टेबलावर एक ताट जास्त असतं.

चला. जेवणाची वेळ झाली, मी पुढे जाऊन सूप वाढायला सांगतो. तुमच्यापैकी कोणाला थांबायचं असेल तर थांबा. मी मागे वळून बघणार नाही, आणि आत कोणी विचारणार नाही. दोर जरा जड आहे, दोन्ही हातांनी ओढा.