नीलकंठाच्या दोन बरण्या

घाटाखालच्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांच्या घरी एक रीत होती. रोग्यासाठी काढा सिद्ध झाला की तो बरणीत भरायचा, आणि बरणीवर कोणते नाव घालायचे ते रोग्यालाच विचारायचे. गाव लहान होते. कोणाला कसले दुखणे आहे हे फडताळाकडे पाहून चारचौघांना कळू नये, म्हणून ही सोय. मग कोणी ‘मोगरा’ म्हणे, कोणी ‘मामलेदार’. मूळव्याधीने हैराण झालेल्या एका म्हाताऱ्याने आपल्या बरणीला ‘जावईबापू’ नाव दिले होते. सुखाने बसू देत नाही म्हणून, असे तो कारण सांगे. घसा धरलेल्या एका घोंगड्यांच्या व्यापाऱ्याने ‘नीलकंठ’ नाव घेतले होते. हालाहलाने देवाचा गळा निळा झाला, पण बसला नाही, मग माझाही गळा सुटेल, असे त्याचे म्हणणे.

घरच्या बरण्यांची गोष्ट वेगळी होती. ज्यांत मुळ्या भिजत, अर्क मुरत, त्या बरण्यांवर वैद्य स्वतः गेरूने खुणा करीत. आधी एक उभी लाल रेघ, आणि तिच्यापुढे कुठे फुली, कुठे ठिपके, कुठे नुसतेच वाकडे काही. त्या खुणांना अर्थ नव्हता. वैद्यांना आणि त्यांच्या शिष्याला त्या पाठ होत्या, एवढेच.

शिष्याला त्या खुणांची लाज वाटे. त्याचे अक्षर देखणे होते. वैद्य नदीपलीकडच्या गावी एका बाळंतिणीला पाहायला गेले, तेव्हा त्याने सारे फडताळ धुऊन काढले, गेरू पुसला आणि घरच्या बरण्यांवर चुन्याने ठसठशीत नावे घातली. गुळवेलीची ती ‘अमृता’. वाळ्याच्या पाण्याची ती ‘शीतल’. अंगणात बचनागाची मुळे गोमूत्रात भिजत ठेवलेली होती. बचनाग म्हणजे विष. शुद्ध झाल्यावर त्याचे औषध होते, पण ज्यात तो भिजतो ते पाणी घोटभर पोटात गेले तरी माणूस हाती लागत नाही. त्या बरणीपाशी शिष्य बराच वेळ विचार करीत बसला. मग नाव सुचले आणि तो स्वतःशीच हसला. पोटात विष धरून बसलेली बरणी. तिला ‘नीलकंठ’ याहून शोभेल असे दुसरे काय? व्यापाऱ्याच्या बरणीची त्याला आठवण झाली नाही. ती तो वरच्या फळीवरच्या जागेवरून ओळखी. नाव वाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

दुपारी आभाळ भरून आले, म्हणून विषाची बरणी उचलून त्याने आत आणली आणि फडताळाच्या खालच्या फळीवर ठेवली. वैद्य आता येतील, आधी फडताळाकडे पाहतील, मग आपल्याकडे, असे चित्र रंगवीत तो खलात सुंठ कुटू लागला.

तेवढ्यात व्यापारी आला. नाक चोंदलेले, आवाज घोगरा.

“काय छोटे वैद्य, आमचा प्रसाद मिळणार का आज?”

“शेटजी, हात माखलेत माझे. तुमचं नाव बघून तुम्हीच घ्या ना वाटीभर.”

“म्हणजे वैद्यकीही आम्हीच करायची. मग उद्या तू ये दुकानात, घोंगड्या विकायला.”

शिष्य हसला. पाठीमागे बरणीचे फडके सुटल्याचा, पळी बुडाल्याचा आवाज त्याने ऐकला. वळून पाहिले नाही.

मग दारात काठी वाजली. शाबासकी घ्यायला शिष्याने मान वर केली, तो वैद्य नाक उंचावून उभे होते. घरात गोमूत्राचा उग्र दर्प सुटला होता. चोंदलेल्या नाकाच्या व्यापाऱ्याला तो आला नव्हता, आणि सुंठ कुटणाऱ्यालाही नाही. आयुष्यात कधी घाईने पाऊल न टाकलेला तो म्हातारा पुढे झेपावला आणि व्यापाऱ्याच्या ओठांशी गेलेल्या वाटीवर त्याने काठी हाणली.

वाटी भिंतीवर आदळून घरंगळत गेली. जमिनीवर काळसर पाणी पसरत होते. चुलीपाशी निजलेले मांजर उठून त्याच्याकडे निघाले, तेव्हा वैद्यांनी काठी आडवी धरली.

“राख टाक त्यावर,” ते शिष्याला म्हणाले. मग व्यापाऱ्याकडे वळले. “शेटजी, पोटात गेलं का?”

“नाही. ओठाला लागलं नुसतं.” व्यापाऱ्याने ओठ चाचपले. “वैद्यबुवा, ओठाला हात लागलेला कळत नाही. मेल्यासारखा झालाय.”

शिष्याने खालच्या फळीकडे पाहिले. त्याच्याच सुंदर अक्षरात तिथे ‘नीलकंठ’ लिहिलेले होते. वरच्या फळीवरही ‘नीलकंठ’. त्याच्या हातातली राख तिथेच सांडली. केरसुणीने त्याने ती पाण्यावर लोटली.

वैद्यांनी आपल्या उपरण्याने व्यापाऱ्याचे ओठ पुसले, त्याला पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या आणि त्याचा हात धरून बसून राहिले. एरवी अखंड बोलणारा तो माणूस समोरच्या भिंतीकडे पाहत होता. शिष्य त्याच्या ओठांकडे पाहत होता. कितीतरी वेळाने व्यापारी म्हणाला, “मुंग्या येतायत. ओठ कळायला लागला.” तेव्हा वैद्यांनी त्याचा हात सोडला.

“चूक माझीच,” व्यापारी पुटपुटला. “खोडा ते नाव. आता जन्मात मी ते घ्यायचा नाही.”

शिष्यही घाईने म्हणाला, “गुरुजी, रोग्यांना मनाची नावं घेऊच द्यायला नकोत. आपणच देऊ.”

वैद्यांनी ओले फडके मागितले. खालच्या फळीशी बसून त्यांनी विषाच्या बरणीवरचे नाव पुसले. मग ‘अमृता’ पुसले, ‘शीतल’ पुसले. घरच्या एकाही बरणीवर अक्षर ठेवले नाही. तिथे पुन्हा त्या ओबडधोबड लाल खुणा आल्या. वरच्या फळीवरच्या ‘नीलकंठा’ला मात्र त्यांनी हात लावला नाही. त्याच्याखाली गेरूची एक उभी रेघ ओढली आणि पुढे वाकडी फुली काढली. मग ‘जावईबापू’च्या खाली वेगळी खूण, ‘मोगऱ्या’च्या खाली आणखी वेगळी.

“माणूस मरता मरता वाचला,” शिष्य म्हणाला. “आणि त्यांचं नाव तसंच ठेवलंत? पुसलंत ते माझं?”

“तुझं अक्षर फार सुरेख आहे, बाळा. पुसताना माझाही हात अडखळला,” वैद्य सावकाश म्हणाले. “आजारी माणसाला आपण सगळंच ठरवून देतो. काय खावं, कधी निजावं. एक नाव तेवढं त्याच्या मर्जीचं असतं. ते तो हौसेने घेईल, उद्या बदलेल, त्याचा शेजारीही तेच घेईल. घेऊ दे. पण सुंदर नाव जिथून त्याला सुचतं, तिथूनच तुलाही सुचतं. म्हणून तर दोघांच्या हाती एकच आलं. माझी वाकडी फुली कोणाला सुचायची नाही, हाच तिचा गुण. नाव हाक मारायला. औषध देणाऱ्या हाताने खूण बघायची, आणि ती घरानेच काढायची. रोग्याला जगातलं कुठलंही नाव घेऊ दे. गेरूची रेघ तेवढी कोणाला देऊ नकोस.”

शिष्याने ओले फडके पिळून वाळत घातले. मग त्याने विचारले, “बरणी रिकामी झाली, तर तिची खूण दुसऱ्या औषधाला घालू?”

“नको. औषध संपतं, हाताला आठवण राहते. खूण त्याच्याबरोबरच गेली म्हणायची.”

पुढे थंडीत एक आजी गुडघे धरून आल्या. नाव विचारल्यावर म्हणाल्या, “नीलकंठ घाल.” ओसरीवर बसलेला व्यापारी खाकरला.

“आजी, ते नाव माझं आहे.”

“तुझं कसं रे? देवाला विचारलंस?”

शिष्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने आपल्या सर्वांत सुंदर अक्षरात ‘नीलकंठ’ लिहिले, आणि खाली गेरूने रेघ ओढून पुढे असे काही वेडेवाकडे काढले, की ते पुन्हा कोणाला सुचू नये. दोन्ही बरण्या शेजारी शेजारी राहिल्या. वाटी भरताना तो कोणाच्या हाती पळी देत नसे, आणि दर वेळी नाव वाचून झाल्यावर त्याचे डोळे खाली उतरत.

संगणकातल्या नोंदींच्या फडताळातही माणसांनी आपल्या खात्यांना हौसेने घेतलेली नावे आणि यंत्राने घातलेल्या ओळखक्रमांकांच्या खुणा अशाच शेजारी राहतात. ते फडताळ मांडणाऱ्याने हौसेला मोकळीक द्यावी, आणि खूण घालणारी लाल रेघ आपल्याच हाती ठेवावी.