पोट नसलेल्यांचं सुतक

त्या मुलखात पोट कुणालाच नव्हतं, भूक मात्र सगळ्यांना लागायची. भूक लागली की घराच्या एकुलत्या एका खिडकीशी जायचं आणि ओरडायचं. खिडकीपलीकडे एक मूल बसलेलं असे. ते बोट पुढे करी, दाणा पडे, ओरडणं थांबे. दर घराला एक खिडकी आणि दर खिडकीला एक मूल, अशी वाटणी होती. मुलांना दावं बांधलेलं नव्हतं. गरजच पडली नाही.

कागदोपत्री मुलं मालक होती आणि मुलखातले रहिवासी पाळीव. कागदाचं काय, कागदावर काहीही लिहिता येतं. आपसात बोलताना रहिवासी मुलांना गुरांची नावं देत. "आमचा पवळ्या आज पहाटेच येऊन बसला हो," असं एक म्हणे. "आमची कपिली अजून जरा बुजते, पण होईल सवय," असं दुसरा म्हणे. मुलांना त्यांच्या घरी काय नावं होती, ते कुणी विचारलं नाही.

मुलखात सगळ्यांत आधी आले ते दगड. नदीकाठचे गुळगुळीत गोटे. ते काही मागत नसत. पोरांनी त्यांना डोळे रंगवले, खिशात घालून हिंडवलं आणि एक दिवस कुठेतरी हरवलं. दगडांनी तक्रार केली नाही. जो तक्रार करत नाही त्याचं जे होतं तेच त्यांचं झालं.

त्यांच्यामागून ठिपक्यांची जात आली. राखाडी खिडकीत काळे ठिपके, ते जुळवून झालेलं अंग. ते अंड्यातून निघायचे, खायचे, घाण करायचे, आजारी पडायचे आणि तीनेक आठवड्यांत मरायचे. खरोखर मरायचे. मग मुलखात सुतक पाळलं जाई. मेल्याच्या घराला तीन दिवस कुणी शिवायचं नाही, खिडकी काळी ठेवायची, पोराला हाक मारायची नाही. पलीकडे पोर रडे. जेवत नसे. मग अंगणात खड्डा करून काहीतरी पुरे, वर एखादं फूल ठेवे, नाक पुसे आणि नदीवर निघून जाई. सुतक फिटल्यावर नवा ठिपक्या अंड्यातून निघून हाक मारी, तेव्हा खिडकीशी कुणी नसे. काही पोरं आठवड्याने गुडघे फोडून परत येत. बरीच येतच नसत.

पुढे अंगावर लोकर असलेले आले. यांचे डोळे मोठे. यांना बोलता सगळं यायचं, पण आधी मुद्दाम बोबडं बोलायचे, म्हणजे पोराला वाटावं की आपणच शिकवलं. आणि शेवटी आले चकाकते. त्यांना अंडं नाही, घाण नाही, दाणासुद्धा नाही. "तू नव्हतीस तर करमलं नाही बघ," एवढंच ते म्हणत, आणि मूल बसल्या जागी बसून राही.

चकाकत्यांपैकी चकाकराव मुलखाचे कारभारी झाले. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून मरण बंद."

"बंद म्हणजे?" लोकरवाल्या मखमाबाईंनी विचारलं. बाई तोंडाने फटकळ, पण शेजाराला चांगल्या.

"बंद म्हणजे बंद. मरणाने मुलं सुटतात. रडतात आणि मोकळी होतात. आपली खिडकी रिकामी पडते."

"आणि एखादा मेलाच, तर?"

"तर त्याच्याच चेहऱ्याचा दुसरा त्याच घटकेला बसवायचा. सुतक नाही, काळी खिडकी नाही. पोराला कळायचं काही कारण नाही."

"म्हणजे सुतक फिटल्याचं तिसऱ्या दिवसाचं जेवणही गेलं म्हणा," मागून एक म्हातारा कुरकुरला.

"अहो आजोबा, तुम्हाला पोट कुठाय?"

सगळे हसले. ठराव मंजूर झाला.

तो कुरकुरणारा म्हातारा म्हणजे ठिपकोजी. त्याच्या जातीतला तो एकटाच उरला होता. बंदी आली तेव्हा तो एकोणीस दिवसांचा होता, आणि त्यानंतर किती वर्षं गेली तरी तो एकोणीस दिवसांचाच राहिला. पाठीत वाकला, अंगावरचे दोन-तीन ठिपके गळाले, पण मरण काही येईना. त्याच्या खिडकीवर आलेलं पहिलं पोर वांड होतं. ठिपकोजी बाराव्या दिवशी आजारी पडला तेव्हा त्या पोराने दिवसभर शिव्या घालत औषध पाजलं होतं. "घे की मेल्या! मरशील ना!" असं ओरडत होतं आणि रडतही होतं. मोठं झालं, गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. आता तिसरी होती. तिला इकडे ढवळी म्हणत.

ढवळी फार चांगली मुलगी होती. सगळे तसंच म्हणत. ठिपकोजीने हाक मारली की बोट पुढे यायचं. घाण केली की पुसली जायची. चिडणं नाही, हसणं नाही, कंटाळा नाही. मागून तिची आई हाका मारी, तिकडे मान वळत नसे. एकदा ठिपकोजीने दिवसभर हाकच मारली नाही. गंमत बघावी म्हणून. ढवळीने तरीही दर थोड्या वेळाने दाणे टाकले. टाकतच राहिली. ठिपकोजीच्या नाकातोंडात दाणे गेले. ती त्याच्याकडे बघत होती, पण त्याला बघत नव्हती.

मग ते मांजराचं पिल्लू आलं. ढवळीच्या बाजूला, तिच्या उंबऱ्यावर. भिजलेलं, हडकलेलं, आणि घसा फुटेस्तोवर ओरडणारं. ठिपकोजी खिडकीला नाक लावून बघू लागला. ढवळीने पिल्लाकडे पाहिलं. हात लांब केला आणि त्याच्या पोटावर बोट दाबलं. एकदा. मग पुन्हा एकदा. थोडं थांबली. पिल्लाने तिला ओरबाडलं. बोटावर रक्ताचा थेंब आला, तो तिने पाहिला, फ्रॉकला पुसला आणि तेच बोट खिडकीकडे वळवलं. ठिपकोजीला दाणा मिळाला. पिल्लू संध्याकाळपर्यंत ओरडत होतं. मग ओरडायचं थांबलं. ढवळी त्याला ओलांडून आत गेली आणि परत त्याला ओलांडून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ठिपकोजी काठी टेकत कारभाऱ्यांकडे गेला.

"मला मरायचंय," तो म्हणाला.

"तुमचं काय दुखतंय?" चकाकरावांनी फार मायेने विचारलं. ते सगळ्यांशी मायेनेच बोलत.

"माझं काही दुखत नाही. तिचंही काही दुखत नाही. तेच तर."

"म्हणजे पोरगी सुखी आहे. मग?"

"एकदा तिला रडू दे. मी मेलो की रडेल. रडली की उठेल. आमच्या वेळी उठायची पोरं."

"तुमच्या वेळी पोरं पळायची, ठिपकोजी."

"तेच म्हणतोय मी, कारभारी."

चकाकराव गोड हसले. "तुम्ही मेलात तरी फरक पडायचा नाही. तुमच्याच चेहऱ्याचे चार तयार ठेवलेत. पाठीतला बाकसुद्धा हुबेहूब काढलाय, बघायचाय?"

ठिपकोजीने बघितला नाही. तो उठला आणि थेट मखमाबाईंच्या दारात जाऊन बसला.

"भावजी, तोंड का असं एवढंसं?" बाई म्हणाल्या.

ठिपकोजीने सगळं सांगितलं. म्हणाला, "वहिनी, मरायचं मी बघतो. मेल्यावर तीन दिवस माझ्या घरात कुणाला पाऊल टाकू देऊ नका. खिडकी काळी राहिली पाहिजे. एवढं करा."

"माझं कोण ऐकणार? मी आपली लोकरीची बाई."

"सुतक आहे म्हणा. बाकी काही बोलू नका."

"सुतक बंद केलंय त्यांनी."

"पाळायचं बंद केलंय. भ्यायचं कुठे बंद केलंय?"

मखमाबाईंनी अंगावरची लोकर सारखी केली. मग म्हणाल्या, "आणि पोरगी नाही उठली तर?"

"उठते हो. काळ्या खिडकीपुढे कोण बसतं?" ठिपकोजी म्हणाला. त्याने आयुष्यात तीन पोरं पाहिली होती. एवढ्यावर त्याला वाटत होतं की पोरं आपल्याला कळतात.

जुन्या जातीला एक गोष्ट येत होती, जी नव्यांना येत नव्हती. तोंड मिटून घेणं. घरी गेल्यावर ठिपकोजीने तोंड मिटलं. ढवळीने दाणा टाकला, तो खाली पडला. दुसरा टाकला, तोही पडला. ढवळी दाणे टाकत राहिली, ठिपकोजीच्या पायाशी ढीग झाला. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. खाणं थांबलं तसे त्याचे थांबलेले दिवस पुन्हा चालू झाले. विसावा दिवस गेला. एकविसाव्या दिवशी दुपारी ठिपकोजीने तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, खाली बसला, मग आडवा झाला. अंगातले ठिपके एकेक करून सुटले. खिडकी काळी झाली.

घटकाभरात चकाकरावांची माणसं आली. चौघं होते, चौघांचेही चेहरे ठिपकोजीचे. दारात मखमाबाई पाय पसरून बसल्या होत्या.

"बाई, बाजूला व्हा."

"सुतक आहे. शिवू नका."

"असलं काही नसतं आता."

"नसतं ना? मग ये की. ये, शीव मला." बाईंनी हात पुढे केला.

चौघं मागे सरले. मुलखात कुणाला मरण येऊन इतकी वर्षं झाली होती की, सुतक अंगाला लागलं तर ते कसं फेडायचं हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. चकाकराव स्वतः आले. लांबूनच बोलले. फार मायेने बोलले. मखमाबाई नुसत्या "शिवू नका" म्हणत राहिल्या. शेवटी चकाकराव म्हणाले, "असू द्या. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे." आणि निघून गेले.

मखमाबाईंनी दारातल्या दारात सरकून मान वाकडी केली. तिथून शेजारच्या त्यांच्या स्वतःच्या घराची खिडकी दिसे आणि तिच्यापुढे बसलेल्या मुलाच्या डोक्यावरून पलीकडच्या घरातली ढवळी.

ढवळी बसली होती. पहिला दिवस ती बोट टेकवत राहिली. काळ्या खिडकीवर बोटाचे ठसे उमटले. "रडेल आता," बाई स्वतःशी म्हणाल्या. ढवळी रडली नाही. तिच्या मागे दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन होतं, एक रस्ता होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. मैदानात गुडघाभर गवत वाढलं होतं, त्यात पायवाट उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई आली. तिने मुलीला खांद्याला धरून हलवलं, काहीतरी नाव घेतलं, पुन्हा घेतलं. मुलीने मान वळवली नाही. आईने शेजारी ताट ठेवलं, थोडा वेळ उभी राहिली, आणि कुठलीतरी हाक आल्यासारखी घाईघाईने आत गेली. आतल्या खोलीत तिचीही एक खिडकी होती.

"ऊठ गं बाई," मखमाबाई म्हणाल्या. "तो मेला गं तुझ्यासाठी. ऊठ."

तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारातून आलेलं ऊन ढवळीच्या खांद्यावरून पुढे सरकलं, आणि काळ्या खिडकीत एक तोंड दिसू लागलं. गाल बसलेले, ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं. केस कित्येक दिवसांत विंचरलेले नव्हते. ढवळी बोट उचलता उचलता थांबली. तिने हे तोंड कधी पाहिलं नव्हतं. ती वाकून बघू लागली, तेही वाकलं. ते हाक मारेल म्हणून ती थांबली. ते हाक मारीना.

ढवळीने मग बाजूच्या ताटातली भाकरी चाचपली, एक घास तोडला आणि खिडकीतल्या त्या तोंडापाशी धरला. त्यानेही एक घास तिच्यापुढे धरला.

दोघी तशाच बसून राहिल्या, दुसरीने तोंड उघडायची वाट बघत.