सातवं नाणं

खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका गावात नारोशेट नावाचे सोनार राहत. त्यांच्या घरात एक नियम होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यातल्या पेटीतली सहा जुनी चांदीची नाणी घरातल्या मुलीने रांगोळीने आरशासारखी होईपर्यंत घासायची. का, ते विचारायचं नाही. नाणी कुणाची, तेही विचारायचं नाही. ती पणजोबांनी खाडीच्या वाळूतून एकेक करून वेचली होती, एवढं पुरे.

मंजुळा ही नारोशेटांची नात. सातव्या वर्षापासून ती नाणी घाशी, आणि दरवर्षी विचारी. दरवर्षी आत्या म्हणे, "तोंड कमी चालव, हात जास्त."

गावातली म्हातारी माणसं छाती फुगवून सांगत की इथे एके काळी मोठं बंदर होतं. बाहेरचं कुणी ते मानत नसे.

एका भाद्रपदात गावात एक पाहुणे आले. जुनी नाणी गोळा करायची आणि त्यांचा इतिहास शोधायचा, हाच त्यांचा ध्यास. नारोशेटांनी कौतुकाने पेटी उघडून नाणी त्यांच्यापुढे ठेवली. पाहुण्यांनी एकेक नाणं उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि हळूच परत ठेवलं. ही रोमची असावीत, ते म्हणाले. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या व्यापाराची गलबतं वाऱ्याच्या भरवशावर आपल्या किनाऱ्याला लागत. मिरी, मलमल, हस्तिदंत घेऊन जात आणि बदल्यात अशी नाणी देत. नाण्यावर सम्राटाचं तोंड असे, कडेने त्याचं नाव. त्यावरून गलबतं कुणाच्या काळात आली, ते कळे.

"तुमच्या बंदराची साक्ष यांनीच दिली असती," पाहुणे म्हणाले. "पण यांच्यावर आता काहीच उरलं नाही."

"चकाकी तर बघा," नारोशेट म्हणाले.

पाहुण्यांनी पेटी मिटून त्यांच्याकडे सरकवली. मंजुळेने मात्र त्यांचा शब्द न् शब्द ऐकला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने पेटी पुसायला उपडी केली. तळाची फळी सैल झाली होती. फटीतून एक सातवं नाणं निसटून तिच्या मांडीवर पडलं. काळंकुट्ट. किती वर्षं ते तिथे अडकून होतं, कुणास ठाऊक. तिने ते उन्हात धरलं. काळ्या थराखाली एक माणूस होता. पोपटाच्या चोचीसारखं नाक, डोक्यावर पानांची माळ, आणि कडेने अनोळखी अक्षरं, सगळी शाबूत.

घरात आनंदीआनंद झाला. नारोशेटांनी नाणं कपाळाला लावलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी रांगोळीची वाटी मंजुळेपुढे सरकवली. "घास, बाय. उद्या पूजेत सातही झळकू देत."

"हे नाही घासणार," मंजुळा म्हणाली.

काकांनी तिला फैलावर घेतलं. सणाच्या दिवशी देवापुढे काळं नाणं ठेवायचं का? चार बुकं वाचून घरच्या रीतीला अक्कल शिकवायची का? आत्या म्हणाली, हिला सून म्हणून कोण करून घेणार, देव जाणे.  मंजुळेने सहाही नाणी उचलून आजोबांच्या ओंजळीत घातली.

"यातला राजा दाखवा, आजोबा. मग घासते."

नारोशेट एकेका नाण्यावरून अंगठा फिरवत राहिले. एका नाण्यावर अंगठा थांबला.

"माझ्या लहानपणी याला नाक होतं," ते म्हणाले.

मंजुळेचा आवाज खाली आला, पण ती मागे हटली नाही. "दुकानातला केर आपण फेकत नाही, सोन्याचा कण जाईल म्हणून. आणि या राजाचं अख्खं तोंड आपण मोरीत सोडून दिलं. मीसुद्धा सोडलं, नऊ वर्षं. हे सातवं मी घासणार नाही. कुणाला घासूही देणार नाही."

काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने वाटीकडे. नारोशेटांनी वाटी उचलली आणि आपल्या पाठीमागे ठेवली. 

तात्पर्य: जिच्याबद्दल "का" विचारायची मनाई असते, ती रीत मायेने पाळली तरी जपायची वस्तूच झिजवून टाकते, म्हणून जपण्याआधी विचारावं, आणि विचारणाऱ्याला गप्प करू नये.