आयेची पहिली भाकरी

डोंगराच्या खांद्यावर, जिथे ढग रोज टेकायला येतात, तिथे शेवंती नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. पूर्वी तिच्या आयेच्या वावरात नाचणी पिकायची. आता तिथे लालचुटूक स्ट्रॉबेरी लागली होती. वाकून रोपं लावायची ती आयेने, फळं खुडायची तीही आयेनेच. विकायला मात्र शेवंतीचे वडील, आबा, जायचे. घरची नाचणी गेली, त्यामुळे आबा दुकानातून आणतील तेवढंच पीठ घरात यायचं.

चुलीवरची पहिली टम्म फुगलेली भाकरी आबांना, मग भाऊ किसनाला, मग शेवंतीला. भाकऱ्या थापणारीने सगळ्यांच्या मागून, उरलं तर खायचं, अशी तिथली रीत. बहुतेकदा उरायचंच नाही. आये वाळत चालली होती. एकदा तर ती वावरातच घेरी येऊन पडली, तेव्हापासून शेवंतीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

एका संध्याकाळी रोपांखाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदात तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. चिमुकली परी! झुळझुळीत गुलाबी झगा, चंदेरी पंख, आणि ते पंख कागदात अडकलेले. शेवंतीने ते अलगद सोडवले. परीने हसून विचारलं, तुला काय हवं?

"मला काय नगं. माझ्या आयेला पोटभर जेवू घाल."

"सोन्याचं ताट देते," परी म्हणाली. "ते रोज भरेल. पण आज आयेने सगळ्यांच्या आधी जेवायचं आणि त्यातला घाससुद्धा कुणाला द्यायचा नाही. दिला, की ताट गेलं."

एवढंच ना? शेवंती उड्या मारत घरी गेली आणि तिने आयेला परीची अट सांगितली. आये मात्र ऐकेना. पुरुषमाणसांच्या आधी बाई कशी जेवेल, लोक काय म्हणतील, असंच म्हणत राहिली. शेवंती रडली तेव्हा कुठे ती चुलीपाशी बसली. समोर ताट झगमगलं. गरम भाकरी, वर लोण्याचा पांढराशुभ्र गोळा. आयेने एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. तिच्या गालांवर किंचित लाली चढली.

तेवढ्यात आबा आणि किसना दारात पाय धुऊ लागले. त्यांनी काही मागितलं नव्हतं. ताटाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. पण आयेचा हात आपसूक उचलला गेला, त्याने भाकरी मोडली आणि मोठा तुकडा किसनापुढे धरला.

ताट विझलं. मुलांनो, मला या आयेचा राग येतो आणि रडूही येतं.

परी उंबऱ्यावर उभी होती. "वाऱ्याला थांबवता येतं मला," ती म्हणाली, "हा हात थांबवता येत नाही." पण चांगुलपणाला बक्षीस द्यायचं, हा पऱ्यांचा नियमच आहे. म्हणून ताट गेलं तरी आयेने दिलेला तुकडा तिने तसाच राहू दिला आणि सोनेरी उजेड होऊन ती विरून गेली. किसनाने तो तुकडा खाल्ला आणि अजून आहे का, म्हणून विचारलं.

आये पुन्हा पीठ मळायला बसली. शेवंती तिला बिलगली.

"का दिलीस गं, आये?"

"मला कळलंच न्हाई, पोरी."

तिने भाकरी थापून तव्यावर टाकली. मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "किती गरम व्हती गं."